काठी दारात नव्हती

३ ऑगस्ट, रविवार

मार्गदर्शक मॅडमनी माझ्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण परत पाठवलं. सोबत दोनच ओळी : "मांडणी स्वच्छ आहे. माणसं ऐकू येत नाहीत." चार महिने त्या प्रकरणात घातले आणि वर हे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या, येशूच्या गालीलातल्या कोळ्यांचा आवाज मी जुन्नरच्या पेठेत, हिरड्याच्या दुकानाच्या माडीवर बसून कुठून आणू?

त्याच रागात ही वही सुरू केली आहे. प्रबंधात 'मी' लिहायचं नसतं. इथे लिहीन.

दुपारी गोजरबाई आली. बाजाराचा दिवस, खाली दुकानात गर्दी. ती आणि तिचा नवरा जानकू दर साली सावरदऱ्याहून आमच्याकडे हिरडा घालतात. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हापासून, म्हणजे बावीस वर्षं, मी तिला बघते आहे. आज तिच्या हातात काही नव्हतं. ओट्यावर बसली, चहा घेतला, मग सांगितलं. एकोणीस जुलैला तिची सून मंगल अडली. पावसानं सावरदऱ्याचा रस्ता खचलेला, अॅम्ब्युलन्स वर येईना. उजाडता उजाडता चौघांनी डोली केली आणि तिला खाली डांबरी सडकेकडे आणायला निघाले. वाटेतच बाळ झालं. मुलगा होता. राहिला नाही.

पेपरात बातमी आल्यामुळे आता चौकशी बसली आहे आणि घरच्यांचा लेखी जबाब मागितला आहे. गोजरबाई म्हणाली, "तू मोठाली पुस्तकं लिव्हतीस, सूनबाई. आमचं येवढं लिवून दे."

मी लगेच हो म्हटलं. माझे यजमान पारस म्हणाले, वकिलाकडे पाठवू या. पण बापूजी म्हणाले, "हर्षा लिहील की. वकील काय वेगळं लिहिणार?" माझ्या लिहिण्याबद्दल सासऱ्यांच्या तोंडून बरा शब्द निघण्याची ही पहिलीच वेळ.

४ ऑगस्ट

बापूजींनी जेवताना पुन्हा तोच प्रश्न काढला. भगवान महावीर लोकांच्या बोलीत बोलले, अर्धमागधीत. तो अभ्यास घरात सोडून मी येशूच्या गोष्टींच्या मागे का? मी सांगितलं की कारण तेच आहे. येशू आणि त्याची माणसं खेड्यातली बोली बोलत होती. त्यांच्या गोष्टी लिहिल्या गेल्या त्या दुसऱ्याच भाषेत, ग्रीकमध्ये, लांबच्या शहरांतल्या लोकांसाठी. बोलणारे कोण, लिहिणारे कोण आणि वाचणारे कोण, यावरून वाटेत शब्द बदलले. कुठले बदलले आणि का, हा माझा विषय.

मी त्यातल्या दोन लिहिणाऱ्यांना मनातल्या मनात थोरला आणि धाकटा म्हणते. थोरल्यानं आधी लिहिलं. त्याची भाषा ओबडधोबड, 'आणि मग, आणि मग' अशी. धाकटा शिकलेला. त्यानं थोरल्याचं समोर ठेवून ते नीट केलं. लुळ्या पडलेल्या माणसाला चौघे उचलून आणतात, दारात गर्दी असते म्हणून छपरावर चढतात आणि त्याला वरून खाली सोडतात, ती गोष्ट दोघांनी सांगितली आहे. थोरल्याकडे ते छप्पर उकरतात, कारण त्या खेड्यातली छपरं मातीची. धाकट्याच्या वाचकांना मातीचं छप्पर माहीत नसावं, म्हणून त्याच्याकडे ते कौलं काढतात. थोरला त्या माणसाच्या अंथरुणाला जो शब्द वापरतो तो आपल्या 'वाकळ'सारखा गरिबाघरचा. धाकटा तो बदलून बरा शब्द घालतो.

बापूजी म्हणाले, "मग धाकट्यानं चांगलंच केलं की." मलाही खरं तर धाकटा आवडतो.

७ ऑगस्ट

पारसबरोबर सावरदऱ्याला गेले. खचलेल्या जागी मोटारसायकल ठेवून पुढे तासभर चालत. चिखलात माझी चप्पल दोनदा राहिली.

गोजरबाईच्या घरी बसून तिचं बोलणं फोनवर रेकॉर्ड केलं. पावणेतीन तास. तिला सांगितलं होतं, "गोजरबाई, तू फक्त त्या दिवशी काय झालं ते सांग." पण तिला सरळ सांगताच येत नाही. पाऊस कसा होता, कोंबडी कुठे अवघडून बसली होती, उपकेंद्राच्या सिस्टरच्या दारात काठी नव्हती, जानकूच्या पायात काय मोडलं, डोलीला घोंगडी कोणाची घेतली, त्या घोंगडीला कोणाच्या लग्नात भोक पडलं. मध्येच पुढचं आधी आणि आधीचं नंतर. वेळ विचारली तर म्हणते, "दिसाय लागलं व्हतं, पर बांध दिसत नव्हता."

मंगल कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून तांदूळ निवडत होती. एकवीस-बावीस वर्षांची असेल. तिचा नवरा ऋतिक चाकणला कंपनीत कामाला गेलेला. मी तिला त्रास दिला नाही.

चहा होईपर्यंत गोजरबाईनं विचारलं, माझ्या पुस्तकात काय असतं. मी तिला छपराची गोष्ट सांगितली. तिला ती फार आवडली, कारण चौघांनी उचलून आणणं तिला माहीत आहे. ऐकून झाल्यावर म्हणाली, "मंग त्या घरवाल्याचं छप्पर कोणी शाकारून दिलं?"

मला हसू आलं. असं कोणी लिहिलेलं नाही.

८ ऑगस्ट

दिवसभर बसून जबाब तयार केला. पावणेतीन तासांचं बोलणं दीड पानात बसवलं. घटनांचा क्रम लावला, अंदाजानं वेळा घातल्या, फापटपसारा काढला. एक वाक्य विशेष जमलंय : "सकाळी सहाच्या सुमारास उपकेंद्राशी संपर्क साधला असता तेथील परिचारिका हजर नव्हत्या." सिस्टरच्या दाराचं सगळं लांबण त्या एका 'असता'मध्ये आलं.

प्रबंध लिहिताना इतका हात चालत नाही. एखाद्याच्या खरोखरच्या उपयोगाचं लिहिताना चालतो, असं दिसतं.

१० ऑगस्ट, रविवार

गोजरबाई बाजाराला आली तेव्हा तिला जबाब वाचून दाखवला. ओट्यावर मांडी घालून, डोळे मिटून ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, "लई झ्याक हाय. कोणाचं हाय?"

मी म्हटलं, अगं, तुझंच. तिनं मान हलवली आणि अंगठा दिला.

पारसनी दुपारीच ओळखीच्या माणसाकडून कागद पोचता केला.

१९ ऑगस्ट

चौकशी अधिकाऱ्यांचा पारसना फोन आला होता. म्हणाले, इतका मुद्देसूद जबाब आमच्याकडे क्वचित येतो. बापूजींनी ते दुकानात दोन गिऱ्हाइकांना सांगितलं. मी चौथ्या प्रकरणाला हात घातला.

२८ ऑगस्ट

काल संवत्सरी झाली. उपास बरा निभावला. पुण्याहून बंटीचा फोन आला. वर्षभरात आईवर ओरडलो त्याची क्षमा, म्हणाला. मी दोनशेच्या वर लोकांना 'मिच्छामि दुक्कडम्' पाठवलं. जाणता-अजाणता मन दुखावलं असल्यास क्षमा. बहुतेकांना मी वर्षभरात भेटलेसुद्धा नाही, मन कधी दुखावणार?

११ सप्टेंबर

सावरदऱ्याच्या सिस्टरला निलंबित केलं. हौसा सिस्टर तिचं नाव. पारस सांगत होते, चौकशीत आमचा जबाबच धरला, घरच्यांचाच जबाब म्हटल्यावर दुसरं काय हवं? मंगलचं बाळ परत येणार नाही, पण निदान डोंगरातल्या माणसांचं म्हणणं कोणीतरी ऐकलं. आज फार दिवसांनी मला वाटलं की भाषा शिकल्याचा काही उपयोग झाला.

१४ सप्टेंबर, रविवार

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहिते.

गोजरबाई आली. ओट्यावर बसली नाही. चहा नको म्हणाली. दुकानात माणसं होती म्हणून मी तिला मागच्या अंगणात घेऊन गेले. तिथेही उभीच राहिली.

"सिस्टर नव्हती, आसं तू लिवलं?"

"तूच सांगितलंस ना, नव्हती म्हणून."

"काठी दारात नव्हती, आसं सांगितलं मी."

मला कळेना. तिनं मग सावकाश, लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं. हौसा सिस्टरची एक काठी आहे. ओढे ओलांडायला, निसरड्यावर टेकायला. सिस्टर घरात असली की काठी दारात उभी. सिस्टर जुन्नरला किंवा गावी गेली तरी काठी दारातच.

"येष्टीला काठी कशाला लागती? काठी न्हाई म्हंजी सिस्टर डोंगरात. कोणाच्या तरी घरी, बाळातपणाला न्हाईतर तापाला. आमच्या वाडीतलं बारकं पोर बी वळखतंय."

त्या दिवशी सिस्टर वरल्या वाडीला होती. साळुबाईच्या सुनेचेही दिवस भरले होते, तिला आदल्या संध्याकाळपासून कळा. मध्ये ओढा फुगलेला. इकडे मंगल अडली आहे हे तिला दुपारी कळलं, तेव्हा सगळं होऊन गेलं होतं. ती तशीच ओली सडकेपर्यंत पळत आली.

मी विचारलं, "मग हे तू मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं की. काठी न्हाई म्हटलं न्हवं?" मग म्हणाली, "माझ्या अंगठ्यानं तिची नोकरी गेली, सूनबाई."

ती रागावलेली नव्हती. रागावली असती तर मला काहीतरी बोलता आलं असतं.

१६ सप्टेंबर

रेकॉर्डिंग पुन्हा लावलं. तासाभरानंतर आहे. "जानकू पळत गेला सिस्टरकडं. आन् काठी दारात नव्हती. मंग काय, आमी म्हटलं, आता आपलं आपणच." म्हणजे सगळं त्यात आहे. सिस्टर कामावर आहे, कोणाच्या तरी घरी आहे, तिला हाक मारण्यात अर्थ नाही, दोष कोणाचा नाही. तीन शब्दांत. वाडीतल्या कोणालाही यापेक्षा जास्त सांगायची गरज पडली नसती. गरज मला होती आणि मी विचारलं नाही. रेकॉर्डिंगमध्ये त्याच वाक्यावर माझा आवाज आहे : "हां, पुढे?"

थोरल्याकडे वादळाची गोष्ट आहे. होडी बुडायला आली आणि येशू होडीच्या मागच्या भागात उशीवर डोकं ठेवून झोपला होता. धाकट्यानं गोष्ट घेतली, उशी गाळली. माझ्या तिसऱ्या प्रकरणात त्या उशीवर सहा पानं आहेत. वर मथळा आहे : 'अनावश्यक तपशिलांची छाटणी'. आज ती पानं वाचवेनात.

१८ सप्टेंबर

काल दिवसभर गोजरबाईचं बोलणं जसंच्या तसं उतरवलं. एक शब्द बदलला नाही. एकतीस पानं झाली. आज कचेरीत गेले आणि चौकशी अधिकाऱ्यांसमोर ठेवली. गृहस्थ वाईट नाहीत, थकलेले आहेत. दोन पानं वाचली, मधली चार चाळली.

म्हणाले, पहिला जबाब स्पष्ट होता. तारीख, वेळ, क्रम. यात कोंबडी आहे. सही झालेला जबाब सव्वा महिन्यानं बदलला तर कोणीही म्हणेल की सिस्टरच्या माणसांनी बाईला शिकवलं. मी सांगितलं की शिकवलेला पहिलाच होता, मी शिकवलेला. तिचं बोलणं हे आहे. रेकॉर्डिंग ऐकवू का, विचारलं. ते म्हणाले, "मॅडम, तुम्ही शिकलेल्या आहात. यात 'काठी नव्हती' असं आहे. 'सिस्टर कामावर होती' असं कुठे आहे ते मला दाखवा." मी दाखवू शकले नाही. सिस्टरच्या नोंदवहीत त्या दिवशीचं वरल्या वाडीचं बाळंतपण आहे, पण ती नोंद मागाहून घातल्याचा त्यांना संशय आहे.

शेवटी एवढं म्हणाले की सहा ऑक्टोबरला फेरसुनावणी ठेवतो, घरच्यांना समक्ष आणा.

बापूजींना संध्याकाळच्या जेवणाआधी सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "शेटाच्या सुनेनं लिहिलं म्हणून त्यांनी वाचलं. आता सूनच म्हणते चुकलं. उद्या डोंगरातल्या माणसाचा कागद आपल्या हातून गेला तर कोण वाचील?" सासूबाई पोळ्या लाटत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "चूक आपली, तर सांगायला लाज कसली? संवत्सरीला सगळ्या जगाची क्षमा मागता, ती काय फुकटची असती?" बापूजींनी ताट पुढे ओढलं.

२३ सप्टेंबर

मॅडमना भेटायला पुण्याला निघाले होते. एसटीत बसेपर्यंत ठरवलं नव्हतं, पण वाटेत पेठ गावाला उतरले. हौसा सिस्टरचं माहेर पेठचं आहे, निलंबनानंतर ती भावाकडे राहते, हे गोजरबाईनं सांगितलं होतं.

पन्नाशीच्या आहेत. भावाच्या पडवीत बटाट्याच्या ढिगाशी बसून बटाटे निवडत होत्या, फावडं लागलेले वेगळे, चांगले वेगळे. मी नाव सांगितलं आणि तो जबाब मी लिहिला हेही सांगितलं. त्यांनी पोतं पुढे सरकवून बसायला दिलं. हात थांबवले नाहीत.

"सव्वीस वर्षं झाली नोकरीला," त्या म्हणाल्या. "लोकांनी मला शिव्या दिल्यात, कुत्री अंगावर सोडलीत. पण इतकं शुद्ध कोणी लिहिलं नव्हतं."

मी क्षमा मागितली. शब्द तेच होते, दोनशे लोकांना पाठवले ते, पण तोंडातून निघायला वेळ लागला. त्या हो म्हणाल्या नाहीत, नाही म्हणाल्या नाहीत. थोड्या वेळानं विचारलं, "मंगल कशी आहे?"

मी म्हटलं, बरी असावी.

"असावी म्हणजे? तिच्याशी बोलला नाहीत?"

मी नाही म्हटलं. त्यांनी माझ्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं, आणि मग पुन्हा बटाटे निवडायला लागल्या. उठताना म्हणाल्या की आपण त्या दिवशी मंगलकडे असतो तर साळुबाईची सून गेली असती. तिचं रक्त थांबत नव्हतं. हे त्यांनी चौकशीतही सांगितलं होतं. "पण ते मी सांगितलं. माझं कोण धरणार?"

पुण्याला गेलेच नाही. समोरून नारायणगावची एसटी आली, तिनं परत आले.

२ ऑक्टोबर

गोजरबाईला निरोप पाठवला होता, सहा तारखेला दहा वाजता कचेरीत यायचं. आज जानकू दुकानात आला आणि बघतो म्हणाला. भात निसवलंय, रानडुकरं येतात, राखणीला माणूस लागतं. आल्या नाहीत तर मी काय करणार? एक अर्ज माझ्या नावानं लिहून ठेवला आहे : पहिल्या जबाबातली भाषा आणि त्यातून निघणारा अर्थ माझा आहे, अंगठा देणाऱ्या बाईचा नाही.

६ ऑक्टोबर, सोमवार

दहा वाजून गेले, कोणी आलं नाही. अकराला अधिकाऱ्यांनी माझा अर्ज घेतला. वाचला. विचारलं की तुम्ही कोणाच्या दबावाखाली आहात का. नाही म्हटलं. हौसा सिस्टर बाहेर बाकावर बसल्या होत्या, हातात रुमालाची घडी.

साडेअकराला गोजरबाई आल्या. बरोबर साळुबाई, त्यांची सून आणि जानकू. सावरदऱ्याहून पहाटे निघून, चालत आणि मग जीपनं. गोजरबाईंच्या खांद्यावर धडप्यात गुंडाळलेलं बाळ होतं. मला वाटलं, साळुबाई दमल्या असतील म्हणून यांनी घेतलं असेल. पण साळुबाई रिकाम्या हातानंच मागून चालत होत्या. नंतर कळलं की जीपमधून उतरल्यावर गोजरबाईंनी ते मागून घेतलं होतं.

अधिकाऱ्यांनी विचारलं, बाळ कोणाचं?

"साळुबाईचा नातू. शौर्य." गोजरबाई टेबलापाशी जाऊन उभ्या राहिल्या. "ज्या घटकंला आमचं झालं, त्याच घटकंला हा झाला. सिस्टरचं हात ह्याच्यापाशी व्हतं. मंग आमच्यापाशी कुठून येतील, सायेब? दोनच हात हायेत तिला."

साळुबाईंच्या सुनेनं खाली मान घालून सांगितलं, घरी बाळंत झाले म्हणून दवाखान्यात ओरडतील, त्या भीतीनं आम्ही कोणाला बोललो नव्हतो. कोणी विचारायलाही आलं नव्हतं.

अधिकाऱ्यांनी पेन खाली ठेवलं. मग माझी एकतीस पानं काढली आणि गोजरबाईंना म्हणाले, काठीचं पुन्हा सांगा. त्यांनी सांगितलं. पावसापासून सुरुवात केली. कोंबडीही आली. अधिकाऱ्यांनी मध्ये एकदाही "पुढे?" म्हटलं नाही. बाळ मधूनच कुरकुरलं तेव्हा गोजरबाई बोलता बोलता त्याला थोपटत होत्या. त्यांचा हात थोपटायला सरावलेला होता, आणि ते मला बघवेना, म्हणून मी खिडकीबाहेर बघत राहिले.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "गोजरबाई, तुम्ही थकलात. घरी चला, जेवून जा."

त्या थबकल्या. "आता तुमी म्हणतीस मला? रागावलीस व्हय?"

मी घाईनं नाही म्हटलं. "मंग तूच म्हण," त्या म्हणाल्या. त्यांच्याकडे तू सगळ्यांना म्हणतात, देवालासुद्धा. परक्याला तेवढं तुमी. इतकी पानं लिहिली मी कोण कोणाला कसं संबोधतं यावर.

जेवायला सगळे आले. हौसा सिस्टरही. सासूबाईंनी वाढलं.

२९ ऑक्टोबर

निलंबन मागे घेतल्याचा आदेश आज आला. सिस्टर येत्या सोमवारी सावरदऱ्याला रुजू होतील. रस्त्याबद्दल वेगळा अहवाल पाठवणार म्हणतात. बापूजींनी आदेशाची प्रत मागून घेतली, चष्मा लावून वाचली, आणि म्हणाले, "हेही तुझ्याच अर्जामुळे." मी म्हटलं, नाही, बाळामुळे.

तिसरं प्रकरण मोडून पुन्हा लिहिते आहे. आज शेवटाशी अडले. थोरल्याचा वृत्तांत जुन्यात जुन्या हस्तलिखितांत मध्येच तुटल्यासारखा संपतो. बायका पहाटे थडग्याशी जातात, ते रिकामं असतं, त्या घाबरून पळतात आणि कोणाला काही सांगत नाहीत. संपलं. पुढच्यांना हे सहन झालं नाही, म्हणून त्यांनी मागाहून नीटनेटका शेवट जोडला. मी आजवर लिहीत आले की थोरल्याचं शेवटचं पान हरवलं असणार. आता तसं लिहवत नाही. पण मग काय लिहायचं, तेही सुचत नाही.

९ नोव्हेंबर, रविवार

सावरदऱ्याला जाऊन आले. काम काही नव्हतं. फोन पारसकडे ठेवला आणि त्यांना सिस्टरच्या ओट्यावर बसवलं.

भातकापणी चालू आहे. गोजरबाई खाचरात होत्या, मला बघून हात केला आणि कापतच राहिल्या. मंगल बांधावर पेंढ्या बांधत होती. मी तिच्याजवळ बसले. पेंढी बांधता येत नाही, पण ती बांधायची तोवर पुढची कवळी, कापलेल्या भाताचा जुडगा, हातात देत गेले. बराच वेळ तसंच चाललं. मग मी विचारलं, "मंगल, तू कशी आहेस?"

दोन पेंढ्या झाल्या. तिसरी आवळताना ती बोलली. त्या सकाळचं, डोलीतलं. एकच वाक्य. ते माझ्या दीड पानात नव्हतं, एकतीस पानांतही नव्हतं. गोजरबाईंना ते माहीत आहे की नाही, मला सांगता येत नाही. डोलीच्या मागे चालणाऱ्याला ते कळलं नसेल. चौकशीच्या कागदावर त्या बाळाबद्दल 'मृत जन्म' असे जे दोन शब्द छापले आहेत, ते या वाक्यापुढे टिकणार नाहीत.

ती म्हणाली, "लिवू नका कुठं. तुमाला सांगितलं, बास."

मग तिनं विळा उचलला आणि सासूच्या शेजारची ओळ धरली.

उतरताना पारसनी विचारलं, काय बोललात इतका वेळ? मी म्हटलं, भाताचं. त्यांनी पुढे विचारलं नाही.

घरी येऊन वही उघडली. वाक्य मला शब्दन् शब्द पाठ आहे. त्यात वाढवावं किंवा कमी करावं असं काही नाही. इथेही लिहीत नाही.